मोहाडीची करवत काठी आणि ती विणणारे कवी काकाजी

करवत काठी, म्हणजे काठाला करवतीसारखे दात असलेली साडी, घ्यायची असेल अन् ती खरी हातमागाचीच पाहिजे असेल तर नागपुरात इतवारी-सीताबर्डी पालथी घालण्यापेक्षा सरळ भंडारा-तुमसर रोडने मोहाडीला या. चौंडेश्वरीच्या देवळाकडे कोणालाही विचारा की करवतवाले कवी काकाजी कुठं राहतात, लहान पोरं पण घरापर्यंत आणून सोडतात. बोर्ड नाही, काचेचं कपाट नाही, समोरच्या खोलीत खड्डा माग (विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो तो हातमाग) आणि मागच्या पडवीत कांड्यांवर सूत भरून राहिलेल्या त्यांच्या बायको, काकू, एवढंच दुकान आहे. मी आईसाठी तिथून टसरची (जंगली रेशमाची) साडी विणून घेतली, बहिणीच्या लग्नात तिने ती दिवसभर नेसली, त्यानंतर एकदा धुतली, परत नेसली, आता सगळं पाहून झालं तेव्हा लिहून राहिली आहे.

आधी साडीचं सांगते कारण बरेच जण काकाजींच्या कविता ऐकूनच भारावून जातात अन् साडीकडे नीट पाहतच नाहीत. अंग टसरचं, रंग काही दिलेलाच नाही, टसरचा स्वतःचा जो मधासारखा रंग असतो तोच ठेवला. काठ सुती, गडद मरून. काठ जिथे अंगाला भेटतो तिथे करवतीचे दात, एकसारखे, टोकदार, एका पदरापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेच दात बसका झालेला नाही. आईने साडी हातात घेतली अन् पहिल्यांदा उलटी केली, जुन्या बायांची सवयच ती, अन् उलट बाजूला पण तसेच दात, एक धागा लोंबत नाही, कापलेला नाही. ती काही बोलली नाही, नुसती हात फिरवत बसली, अन् माझी आई कापडाच्या बाबतीत कोणाची स्तुती करत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

हे दात कसे येतात ते मी मागाशेजारी बसून पाहिलं म्हणून सांगू शकते. साध्या साडीत आडवा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एकच जातो. करवतीत तसं नाही, तिथे 3 धोटे (आडवा धागा नेणारी अवजारं) लागतात. डाव्या काठाचा एक, अंगाचा एक, उजव्या काठाचा एक. काठाचा मरून धागा येतो, अंगाचा टसरचा धागा येतो, अन् दोघं जिथे भेटतात तिथे एकमेकांत अडकवून परत आपापल्या बाजूला वळवायचे. पुढच्या ओळीला ती भेटायची जागा थोडी सरकवायची, मग थोडी अजून, मग परत मागे, तेव्हा एक दात तयार होतो. हे एका माणसाला एकट्याने धड जमत नाही, काठापाशी दुसऱ्याचा हात लागतोच, म्हणून काकाजी अन् काकू दोघं मागावर बसतात. काकाजी पायाने ताणा, म्हणजे उभे धागे, उघडतात, धोटा टाकतात, काकू पलीकडून काठाचा धोटा घेतात, अडकवतात, परत देतात, अन् मग फणीचा ठोक. दोघं बोलत नाहीत, बोलायची गरजच पडत नाही. दिवसभरात वीतभर पुढे गेलं तर चांगलं काम झालं म्हणायचं.

याच्यामुळेच काठाचा रंग एकदम शुद्ध राहतो. दुकानात जी पॉवरलूमची 'करवत' म्हणून खपवून राहिले आहेत तिचा काठ उन्हात धरून पहा, अंगाचा धागा काठातून तसाच आरपार गेलेला असतो, मग मरून रंग फिका पडतो, मातकट दिसतो. अन् उलट बाजूला दातांच्या मागे कापलेल्या धाग्यांची झालर असते, काहीत तर दात चक्क छापलेले असतात. करवत काठीला भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) मिळालेलं आहे, सरकारच्या 2023 च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, घोंगडी, खण यांच्या रांगेत तिचं नाव आहे, पण बाजारात ग्राहकाला हे कोणी सांगत नाही, त्यामुळे तुम्हीच उलटी करून पहायची सवय लावा. हे दात रामटेकच्या देवळांवरून आले असं आमच्याकडे सांगतात, काकाजी पण तेच सांगतात.

टसर आपल्याच जंगलातला. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन अन् अर्जुनाच्या झाडावर हे किडे पाळतात, आरमोरीकडे ढिवर समाजाची कितीतरी घरं पिढ्यानपिढ्या हेच काम करून राहिली आहेत. कोष उकळून बाया मांडीवर धागा वळतात, त्याच्यामुळे धाग्यात बारीक गाठी राहतात. दुकानदार याला डिफेक्ट म्हणतात अन् गुळगुळीत माल दाखवतात. काकाजींनी मला गाठीवर बोट ठेवायला लावलं अन् म्हणाले, "बेटा, हे गाठ आहे ना, हे त्या बाईचा हात आहे. इथंसा तिचा हात थांबला होता." तेव्हापासून मला ती साडी बघताना माग दिसतो, अन् त्याच्या आधीचं जंगल पण दिसते.

आता भाव. मी साडेनऊ हजार दिले. काही लोकांना जास्त वाटतील, माझ्याबरोबर आलेल्या मावशीला वाटले अन् तिने आपल्या सवयीने सातपासून सुरुवात केली. काकाजी चिडले नाहीत. त्यांनी वही काढली, टसर किती लागलं, सुती काठ किती, रंगाईचे किती, ताणा लावायची मजुरी किती, एकेक ओळ वाचून दाखवली अन् मग म्हणाले, "बाई, आता याच्यातून कोनाची मजुरी कापू ते तुमीच सांगा. माही कापू का बुडीची?" बुडी म्हणजे काकू. मावशी गप्प झाली. माझं स्पष्ट मत आहे की इथे घासाघीस करू नये, परवडत नसेल तर सुती करवत घ्या, ती पुष्कळ स्वस्त पडते अन् रोज नेसायला मस्त आहे, आमच्या आज्या तीच तर नेसायच्या. पण हिशोब समोर ठेवणाऱ्या माणसाकडे भाव पाडायचा नाही. कोणता साडीवाला तुम्हाला आपली खरेदीची वही दाखवतो?

ती वही म्हणजे या दुकानातली माझ्या दृष्टीने सर्वात मोठी गोष्ट आहे. साधी लांबट हिशोबाची वही, डाव्या पानावर ताण्याचे आकडे, किती धागे, किती कांड्या, कोणाचं किती बाकी, अन् उजव्या पानावर कविता. वेगळी कवितेची वही नाहीच. मी विचारलं तर म्हणाले की मागावर हात चालू असते तवाच ओळ येते, उठून दुसरी वही शोधाले जाऊ तवरी ओळ निघून जाते. पेन मागाच्या लाकडाला सुतळीने बांधलेला आहे. काही कविता अर्ध्या आहेत, खाली तारीख अन् 'काठ संपला' असं लिहिलेलं. म्हणजे काठाचा धागा संपला, नवी कांडी बसवली अन् कविता तिथंच राहिली.

कवितांची भाषा आपली झाडीबोली, पूर्व विदर्भातली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीला साहित्यात जागा मिळवून द्यायला आयुष्य घातलं, संमेलनं उभी केली, त्याच्यामुळे काकाजींसारखे कितीतरी लोक लिहिते झाले, नाहीतर शाळेत 'असं गावंढळ बोलू नको' हेच ऐकत मोठे झालो आम्ही सगळे. त्यांच्या कविता वाचायला बसलं तर कुठेच 'आम्ही बिचारे विणकर' असा सूर नाही. एक कविता आहे त्याच्यात साडी दुकानदाराशी बोलते, त्याला विचारते की तू मला हँगरवर लटकवलं, माझ्यावर लाइट सोडला, भावाची चिठ्ठी टोचली, मग मला जन्म देणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर का नाही लिहिलं. दुसरी काकूंवर आहे, कांड्या भरून भरून त्यांच्या अंगठ्याला जी चीर पडली तिच्यावर, ती वाचता वाचता मला थांबावं लागलं. चांगल्या कवितेत जे पाहिजे ते सगळं आहे त्यात, उगाच कौतुक म्हणून बोलत नाही आहे मी, दहावी-बारावीच्या पोरांना मराठी शिकवते, कविता कळते थोडीफार.

काकाजींचं शिक्षण सातवीपर्यंत. घरी माग होता पण पोट भरेना म्हणून तरुणपणी नागपूरला एम्प्रेस मिलमध्ये लागले. जमशेटजी टाटांनी 1877 ला सुरू केलेली मिल, एकेकाळी अर्ध्या नागपूरच्या पोटापाण्याची जागा होती. ज्या मिलच्या कापडाने गावोगावचे माग बंद पाडले त्याच मिलमध्ये विणकराचा पोरगा कापड काढायला गेला, हे ते स्वतः सांगतात अन् सांगताना आवाज जड होतो त्यांचा. तिथे गेट मीटिंगमध्ये त्यांनी पहिल्यांदा कविता म्हटली. तिथेच एका म्हाताऱ्या कामगाराकडून किसन फागुजी बनसोडांबद्दल ऐकलं. आपल्याकडे किती जणांना हे नाव माहीत आहे मला माहीत नाही पण माहीत असायलाच पाहिजे. नागपूरकडच्या मोहप्याचा माणूस, 1879 चा जन्म, कविता लिहायचे, लोकांना जागं करायला स्वतःचा छापखाना टाकला, दलितांच्या अन् कामगारांच्या बाजूने पत्रं काढली, त्यातलं एक 'मजूर पत्रिका', 1918 चं. काकाजी म्हणतात की ते ऐकलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की काम करणाऱ्यानेच लिहावं अन् लिहिणाऱ्यानेच मोर्चात जावं, याच्यात लाजायचं काही नाही. मिल पुढे आजारी पडली, 2002 ला कायमची बंद झाली, काकाजी त्याच्या आधीच गावी परत आले होते अन् बापाचा माग परत खड्ड्यात बसवला होता.

अन् मग सुरू झालं त्यांचं दुसरं काम, जे अजून चालूच आहे. 1985 चा एक कायदा आहे, हातमागासाठी कापडाचे काही प्रकार राखून ठेवणारा. आज त्या यादीत 11 प्रकार आहेत, साडीचे पण काही प्रकार त्यात येतात, ते पॉवरलूमवर काढणं गुन्हा आहे. पॉवरलूमवाले कोर्टात गेले होते, सुप्रीम कोर्टाने 1993 ला कायदा कायम ठेवला. काकाजींच्या पिशवीत या कायद्याची झेरॉक्स कायम असते, घड्यांवर फाटून सेलोटेप लावलेली, अन् ती घेऊन ते ऑफिसात जातात, बाजारात नकली करवत दिसली की पावती घेऊन अर्ज करतात. प्रत्येक वेळी काही होतेच असं नाही, एका ऑफिसात तर त्यांना इतका वेळ बाहेर बाकावर बसवून ठेवलं की त्यांनी तिथेच कविता लिहिली अन् साहेबांना अर्जाबरोबर तीच दिली. 7 ऑगस्टला हातमाग दिवस असतो, 2015 पासून सरकार पाळते, त्या दिवशी काकाजी आजूबाजूच्या गावातल्या विणकरांना घेऊन भंडाऱ्याला निवेदन द्यायला जातात. 2020 मध्ये तो दिवस तोंडावर असताना केंद्राने अखिल भारतीय हातमाग मंडळच बंद करून टाकलं. मंडळाला फार अधिकार होते अशातला भाग नाही, सल्ला देण्यापुरतंच होतं, पण विणकराला दिल्लीत बसून बोलायची ती एक खुर्ची होती, तीही गेली. त्यावर लिहिलेली कविता वहीत आहे, मागून वाचा.

पण मला सर्वात मोलाची वाटली ती त्यांची विणकर कार्डाची (ओळखपत्राची) लढाई. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशात 35 लाखांवर हातमाग कामगार निघाले अन् त्यात 70 टक्क्यांहून जास्त बाया. मग विणकर म्हणून आपण नेहमी पुरुषाचंच चित्र का काढतो? आमच्या पट्ट्यात पण कार्ड नवऱ्याच्या नावाचं, बाई 'घरकाम'. काकाजींनी आधी घरातूनच सुरुवात केली, काकूंचा अर्ज भरला, मग आळीतल्या बायांचे, कागद जमा करणं, फोटो काढायला नेणं, ज्यांचं आधारवरचं नाव माहेरचं त्यांचं दुरुस्त करून आणणं, सगळं. काही नवऱ्यांनीच विरोध केला, बायकोला कार्ड कशाला म्हणून, त्यांच्या दारात जाऊन बसले. आज त्या 2023 च्या वस्त्रोद्योग धोरणात प्रमाणित विणकरांना गणपतीच्या वेळी उत्सव भत्ता ठेवला आहे, पुरुषाला 10,000 अन् बाईला 15,000, तेव्हा ज्या बायांकडे कार्ड आहे त्यांना त्या कागदाची किंमत कळली. काकूंनी आपलं कार्ड मला दाखवलं. प्लास्टिकच्या पाकिटात घालून देवाच्या फळीवर ठेवलेलं आहे. फोटोखाली व्यवसाय 'विणकर' लिहिलेला. "आता कोनी इचारलं का तुमी का करता, तं सांगतो मी," एवढंच म्हणाल्या. (आमच्याकडे बाया 'सांगतो', 'करतो' असंच बोलतात, बाहेरच्यांनी दचकू नये.)

आता ज्या गोष्टी तुम्हाला आधीच माहीत असायला पाहिजेत त्या सांगते. वेळ लागतो, अन् सांगितल्यापेक्षा जास्तच लागतो. पावसाळ्यात तर ऑर्डर देऊच नका. खड्डा मागाच्या खड्ड्यात ओल चढते, ताणा ढिला पडतो, धागे चिकटतात, अन् त्याच काळात रोवणी (धानाची लावणी) असते, काकू रोवणीला जातात कारण रोवणीचा पैसा रोज संध्याकाळी हातात येतो, साडीचा साडी विकल्यावर. आमच्या साडीला पण असाच उशीर झाला, हळदीच्या थोडं आधी हातात पडली, तोवर आईचा जीव टांगणीला. काकाजींनी फोनवर खोटं कधी सांगितलं नाही, 'उद्या देतो' असं एकदाही म्हटलं नाही, किती काम राहिलं ते सरळ सांगत होते, त्याचं मला बरं वाटलं, पण लग्नकार्य असेल तर भरपूर आधी सांगा, दिवाळीनंतर ऑर्डर द्या अन् उन्हाळ्यात घ्या, हे उत्तम.

निवडायला फार काही मिळत नाही. तयार साड्या घरात दोन-चारच असतात, बाकी ऑर्डरवर. रंग मोजके, मरून, हिरवा, काळा, जांभळा काठ, अन् अंग टसरच्या रंगातलं किंवा हलकं रंगवलेलं. कोणाला पेस्टल, कोणाला पदरावर मोर पाहिजे असेल तर ही जागा तुमच्यासाठी नाही, काकाजी स्पष्ट सांगतात की ते आमचं काम नाही. फॉल-पिको तुम्हालाच करून घ्यावं लागते. ब्लाउज पीस सांगितला तर त्याच ताण्यात काढून देतात, पण आधी सांगायला लागते, नंतर सांगून उपयोग नाही. अर्धे पैसे आधी घेतात कारण सूत नगदी आणावं लागते. फोनपे आहे, नातवाच्या मोबाईलवर, तो शाळेत गेला असेल तर नगदी ठेवा जवळ. कुरियरने पाठवतात पण मी तर म्हणेन जाऊनच घ्या.

साडी सांभाळायचं काकूंनी जे सांगितलं ते तसंच्या तसं सांगते. पहिली धुलाई घरी करायची असेल तर थंड पाण्यात रिठ्याने, घासायची नाही, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायची नाही, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळायची. घडी दर काही महिन्यांनी बदलायची, नाहीतर घडीवरच टसर चिरते. आईची साडी रिठ्याने धुतली, मरून रंग किंचितही उतरला नाही, दात जसेच्या तसे.

साडीच्या कामाला माझ्याकडून पैकीच्या पैकी. वेळेला मार्क कमी देते कारण ग्राहकाची अडचण होतेच, कारण काहीही असो. वागणुकीबद्दल विचाराल तर काकूंनी आम्हाला जेवल्याशिवाय निघू दिलं नाही, भात अन् लाखोरीच्या डाळीचं वरण, अन् मावशी, जिने भाव पाडायला सुरुवात केली होती, तिने निघताना स्वतःसाठी सुती करवत सांगून टाकली.

एक गोष्ट अजून. काकाजींच्या निवडक कवितांची झेरॉक्स करून स्टेपल मारलेली पुस्तिका आहे, विचारल्याशिवाय ते स्वतःहून काढत नाहीत. ती फुकट द्यायला बघतात, साडी घेतली ना म्हणून. फुकट घेऊ नका, पैसे द्या, ते पैसे बायांच्या कार्डाच्या अर्जांच्या झेरॉक्सला जातात. सकाळी 11 च्या आत जा, दुपारी ते बहुतेक कोणाचा तरी अर्ज घेऊन भंडाऱ्याला गेलेले असतात.